गाठ किती वाजता काढली?

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालेल्या बाईच्या फाइलमध्ये हल्ली ‘हर-टू’ हा शब्द असतोच, आणि त्याच्यापुढे शून्य, वन प्लस, टू प्लस किंवा थ्री प्लस. नातेवाईक घाबरून विचारतात, थ्री प्लस म्हणजे तिसरी स्टेज का? तो आकडा म्हणजे स्टेज नव्हे. हर-टू हे पेशीच्या आवरणावरचं एक प्रथिन आहे. स्तनाच्या शंभरातल्या पंधरा-वीस कर्करोगांत ते भरमसाट तयार होतं आणि पेशीला वाढत राहायला लावतं. 1998 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध नेमकं याच प्रथिनाला जाऊन चिकटतं. प्रथिन भरपूर असेल तर औषध जीव वाचवू शकतं. नसेल तर पैसा पाण्यात, वर हृदयाला त्रास होण्याची भीती. पेशंट बघून औषध ठरवायचं म्हणतात ते प्रत्यक्षात असं, काचपट्टीवरच्या तपकिरी रंगावर ठरतं. तो रंग वाचणं हे माझं रोजचं काम.

हाच तुकडा दुसऱ्या लॅबमध्ये गेला असता तर उत्तर तेच आलं असतं का? सगळा प्रश्न इथे आहे. 2007 मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी एकत्र बसून मान्य केलं की हर-टूच्या सुमारे 20 टक्के तपासण्या चुकीच्या असू शकतात. त्यानंतर नियम आले. लोकांना वाटतं, नियम म्हणजे यंत्रं, रसायनं, महागडी किट्स. माझं मत वेगळं आहे. निम्मी लढाई गाठ आमच्या दारात येण्याआधीच जिंकलेली किंवा हरलेली असते.

तालुक्याच्या गावाहून येणारा नमुना बघा. प्लास्टिकची बरणी, तीही बहुतेक वेळा निमुळत्या तोंडाची. ताजी गाठ मऊ असते म्हणून दाबून आत जाते. फॉर्मॅलिनमध्ये कडक झाली की बाहेर निघत नाही आणि आम्हाला बरणीच कापावी लागते. द्रव गाठीच्या दहापट तरी हवा, इथे तो जेमतेम गाठ बुडेल एवढा. फॉर्मॅलिन कसलं, हाही प्रश्नच. बाजारात मिळतं ते तीव्र असतं. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेऊन, क्षार घालून, आम्लता तोलून वापरायचं असतं. पुष्कळ ठिकाणी ते नळाच्या पाण्यात ढकलून देतात. असं फॉर्मॅलिन आम्लधर्मी होत जातं आणि रक्ताळलेल्या भागात काळपट कण दिसायला लागतात. स्लाइड बघताक्षणी कळतं, बरणीत काय होतं ते.

सोबतच्या फॉर्मवर नाव, वय, डावी की उजवी बाजू, सगळं असतं. गाठ काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ हे दोन रकाने कोरे. मग ओटीत फोन.

“सिस्टर, गाठ फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता टाकली?”

“मॅडम, दुपारीच असेल. माझी ड्यूटी नव्हती.”

शरीराबाहेर आल्यावर तासाभरात गाठ फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे आणि तिथे किमान 6 आणि जास्तीत जास्त 72 तास राहिली पाहिजे. ‘दुपारीच असेल’ या उत्तरातून यातलं एकही गणित सुटत नाही.

ग्रॉसिंगच्या, म्हणजे गाठ कापून बघण्याच्या, टेबलावर सुरी फिरवली की पुढचं दिसतं. फॉर्मॅलिन मांसात ताशी साधारण एक मिलिमीटर शिरतं, आणि खोल जाईल तसा त्याचा वेग मंदावतो. पाच सेंटिमीटरची अख्खी गाठ रात्रभर बुडवून ठेवली तर ती मोठ्या बटाट्यासारखी होते: बाहेरून शिजलेली, मध्ये कच्ची. कडा राखाडी आणि घट्ट, आतला भाग लालसर, बोटाला मऊ लागणारा. त्या मऊ भागात पेशींची स्वतःचीच विकरं प्रथिनं खात बसलेली असतात. कडेच्या तुकड्यात हर-टू एक दिसेल, मधल्या तुकड्यात दुसरंच. बाई एक, गाठ एक, लॅबही एक, तरी ही गत. मग दोन लॅबमध्ये फरक पडला तर नवल कसलं?

पुढचं काम आमच्या हातातलं. तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसतात. टेक्निशियन मायक्रोटोमवर चार मायक्रॉनचा काप काढतो, तो कोमट पाण्यावर तरंगवतो आणि सुरकुती न पडू देता काचेवर उचलतो. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. फॉर्मॅलिननं प्रथिनं एकमेकांत गुंतवून ठेवलेली असतात, ती गरम द्रावणात सोडवायची. मग हर-टूला ओळखणारी अँटिबॉडी घालायची, त्यानंतर तपकिरी रंग. शेजारीच, त्याच काचेवर, ज्यांचं उत्तर आधीच पक्कं माहीत आहे असे कंट्रोलचे तुकडे. आधी ते बघायचे. त्यांचा रंग चुकला असेल तर पेशंटचा तुकडा वाचायचाच नाही, पुन्हा लावायचा. खरा थ्री प्लस असेल तर कमी भिंगातही पेशींभोवतीच्या तपकिरी कड्यांची अखंड जाळी डोळ्यांत भरते. रेंगाळायला लावतो तो टू प्लस. मग फिश ही जनुकाची तपासणी, आणखी खर्च, आणखी काही दिवस.

नियमही स्थिर राहिलेले नाहीत. गडद, पूर्ण कडं किती पेशींत दिसलं की थ्री प्लस म्हणायचं? 2007 च्या नियमात ती रेषा 30 टक्क्यांवर नेली, 2013 मध्ये पुन्हा 10 टक्क्यांवर आणली. म्हणजे 20 टक्के पेशींत कडं दाखवणारी एकच स्लाइड 2010 साली टू प्लस आणि 2014 साली थ्री प्लस ठरली असती.

डेन्मार्कमधली नॉर्डिक्यूसी ही संस्था लॅबना न रंगवलेल्या स्लाइड्स पाठवते. प्रत्येक लॅब त्या आपल्या पद्धतीनं रंगवून परत करते आणि परीक्षक त्या शेजारी शेजारी ठेवून गुण देतात. अशा परीक्षांनी लॅबना खरोखर शिस्त लावली. पण तिथून येणारा तुकडा नीट जपलेला असतो. परीक्षा आमच्या रंगाची होते, बरणीची होत नाही.

डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा प्रथिन सरळ मोजा, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मास स्पेक्ट्रोमीटर प्रथिनांचे तुकडे करून त्यांच्या वस्तुमानावरून ती ओळखतो. पण तिथलाही अनुभव बघा. 2009 मध्ये मानवी प्रथिनांवर काम करणाऱ्या ह्यूपो या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 20 शुद्ध प्रथिनांचं मिश्रण 27 लॅबना पाठवलं. वीसच्या वीस बरोबर सांगितली फक्त 7 लॅबनी. मग सगळ्यांची मूळ मोजणी एका ठिकाणी तपासली, तर वीसही प्रथिनं 27 पैकी प्रत्येक यंत्राला दिसलेली होती! घोटाळा प्रामुख्यानं पुढच्या कामात होता: डेटाबेसशी जुळवण्यात आणि प्रथिनांना नावं देण्यात. कार्यपद्धती बांधून दिली की चित्र पालटतं. 2017 मध्ये जगभरातल्या 11 लॅबनी एकाच पद्धतीनं एकाच प्रकारच्या पेशींतली चार हजारांहून अधिक प्रथिनं मोजली आणि आकडे जुळले. कर्करोगातल्या प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या अशाच एका आंतरराष्ट्रीय गटात 2018 पासून आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटरही आहेत. मला आनंद आहे. फक्त एक खुसपट काढते: 2009 आणि 2017 च्या दोन्ही प्रयोगांत नमुना एका जागी नीट तयार करून वाटला होता. शनिवारी संध्याकाळी काढलेली आणि मंगळवारी कुरिअरनं पोचलेली गाठ कुणाच्या वाट्याला आली नव्हती.

आता तर अडचण वाढली आहे. 2022 मध्ये एका नव्या औषधाचा उपयोग हर-टू अगदी थोडं असलेल्या, पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांनाही होतो, असं दिसलं. तोवर शून्य आणि वन प्लस यांत फरक करण्याला काडीची किंमत नव्हती, कारण दोन्हींचा अर्थ ‘निगेटिव्ह’च होता. त्याच वर्षी अमेरिकेत 18 पॅथॉलॉजिस्टांपुढे त्याच त्या स्लाइड्स ठेवल्या, तर शून्य की वन प्लस यावर त्यांचं एकमत जेमतेम 26 टक्के निघालं. आणि गाठ उशिरा फॉर्मॅलिनमध्ये गेली की सगळ्यात आधी पुसला जाण्याचा धोका असतो तो असल्या फिकट रंगालाच.

घरात कुणाची स्तनाची गाठ काढायची असेल तर हर-टू शक्यतो आधीच्या सुईच्या बायोप्सीवर करून घ्या. तो बारीक तुकडा लवकर आणि सारखा जपला जातो. शस्त्रक्रियेच्या दिवशी रुंद तोंडाची बरणी आणि बफर घातलेलं फॉर्मॅलिन ओटीत तयार आहे का, ते विचारा. गाठ स्वतः कापू नका, कुणाला कापायलाही सांगू नका. कडा कुठल्या ते लॅबला कळावं लागतं. ती त्याच दिवशी लॅबमध्ये पोचेल एवढं बघा. रिपोर्टइतकाच मेणाचा ब्लॉकही जपा, शंका आली तर दुसऱ्या लॅबमध्ये त्याच्यावरच फेरतपासणी होते. आणि फॉर्मवरचे वेळेचे ते दोन रकाने भरल्याशिवाय बरणी हलू देऊ नका. डॉक्टरांना राग आला तरी चालेल.