वैमानिकाचा परवाना : दोनशे तासांची तपश्चर्या

प्लेझान्सच्या विमानतळावर पाहुण्यांना पोहोचवावयास गेलो की आपल्या मुलांपैकी एखादे तरी आकाशाकडे बोट दाखवून म्हणते, "मला विमान चालवायचे आहे." पुढे बहुतेक मुले ते विसरून जातात. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा मात्र विसरला नाही. एच.एस.सी.चा निकाल लागला त्या रात्री त्याने दक्षिण आफ्रिकेतील एका उड्डाणशाळेचे माहितीपत्रक वडिलांपुढे ठेवले. फीचा आकडा वाचून बंधू गप्प झाले. एवढी रक्कम उभी करण्यास घरात एकच मार्ग होता : आमच्या आजोबांनी मजुरीतून पै पै साठवून घेतलेली उसाची जमीन बँकेकडे गहाण ठेवणे.

आमच्या आईने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "जमीन एकदा गेली की परत येत नाही. त्या विमानात घातलेले पैसे तरी परत येतात का, ते आधी विचारून या."

म्हणून आम्ही विचारावयास निघालो. त्या खटाटोपात जे समजले तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण असाच प्रश्न आपल्या समाजातील आणखी काही घरांत आला आहे किंवा उद्या येणार आहे.

ओळखीच्या एका निवृत्त कप्तानांनी पहिलाच प्रश्न केला, "मुलाची वैद्यकीय तपासणी झाली का?" आम्ही म्हणालो, "नाही, आधी प्रवेश तर मिळू दे." ते हसले. "हीच चूक सगळे करतात. आधी डॉक्टर, मग शाळा." व्यावसायिक वैमानिकाला पहिल्या श्रेणीचा वैद्यकीय दाखला लागतो, व तो नेमून दिलेल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा लागतो. डोळे, कान, हृदय, रक्तदाब, मनःस्वास्थ्य, सर्व पाहिले जाते. चष्मा असला की वैमानिक होता येत नाही, हा समज खरा नव्हे. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मापात येत असेल तर चालते. परंतु रंगांची ओळख नीट नसेल तर मोठी अडचण येते. आमच्याच गल्लीतील एका मुलाने फीचा पहिला हप्ता भरला, सामान बांधले, आणि मग रंगीत ठिपक्यांतील आकडे त्याला वाचता आले नाहीत. असा दोष आपल्याला आहे हे त्याला किंवा आईबापांना कधी कळलेच नव्हते. तो दोष बहुधा मुलांत आढळतो व आईकडून येतो. हप्ता मात्र परत मिळाला नाही.

आता तासांचा हिशेब. 1944 साली शिकागो येथे झालेल्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. परवान्याचे किमान नियम तिने घालून दिले असल्यामुळे देश बदलला तरी हिशेब पुष्कळसा सारखाच राहतो. व्यावसायिक परवान्यासाठी वय 18 वर्षे पूर्ण हवे आणि उड्डाण 200 तासांचे हवे. मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात ते 150 तासांवर येऊ शकते. त्या 200 पैकी 100 तास स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन उडवावे लागतात. एक प्रवास किमान 540 किलोमीटरचा, वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर उतरून करावा लागतो. येथून रॉड्रिग्ज बेट किती लांब आहे हे आपल्याला ठाऊक आहे. हे अंतर त्याहून थोडेसेच कमी.

तासांबरोबर पुस्तके आलीच : दिशाज्ञान, हवामानशास्त्र, हवाई कायदे, विमानाची रचना व इंजिन, रेडिओवरील संभाषण. इंग्रजीचीही परीक्षा असते. सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी पायरी गाठल्याखेरीज आंतरराष्ट्रीय उड्डाण करता येत नाही. हवामानशास्त्र आमच्या पुतण्याला सोपे गेले. सिक्लोनचे इशारे ऐकत वाढलेल्या मुलाला वाऱ्याचे फिरणे काय शिकवावे? आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले तर कमी दाबाचा प्रदेश उजव्या हाताला असतो, आणि भारतात तोच डाव्या हाताला. गोंदिया किंवा धुळे येथेही उड्डाणाचे शिक्षण मिळते. आपल्यापैकी कोणी तिकडे मुले पाठविली, तर एवढा एक धडा त्यांना उलटा गिरवावा लागेल.

खरी कसोटी हवेत लागते. विमानाचे नाक फार वर उचलले तर पंखांवरून वाहणारी हवा सुटते आणि विमान एकदम खाली बसू लागते. इंजिन चालू असले तरीही. घाबरलेला हात दांडा मागे ओढतो, पण करावयाचे असते नेमके उलटे : नाक खाली, वेग परत, मग सावकाश वर. पुतण्याने पत्रात लिहिले होते, "काका, येथे भीतीचे ऐकले की चूक होते." हा धडा पुन्हा पुन्हा घेतात. मग एके सकाळी, बहुधा दहावीस तास झाल्यावर, प्रशिक्षक काही न सांगता खाली उतरतो व दार लावून घेतो. शेजारची खुर्ची रिकामी, वजन कमी, म्हणून विमान नेहमीपेक्षा लवकर उचलते. ती पहिली एकट्याची फेरी जेमतेम दहा मिनिटांची असते.

पैशाबाबत आमच्या घराने एक धडा महागात घेतला. पहिल्या शाळेने निम्मी फी एकदम मागितली व आम्ही ती भरली. नंतर कळले की तिची दोन विमाने दुरुस्तीला पडली आहेत आणि प्रशिक्षक सोडून गेला आहे. तीन महिन्यांत मुलाच्या लॉगबुकात अकरा तास भरले. खोलीचे भाडे व जेवणखर्च मात्र दर महिन्याला चालूच. अखेर शाळा बदलली, आणि पुढे जेवढे तास उडेल तेवढेच पैसे, या अटीवर व्यवहार केला. त्यामुळे जमिनीचा अर्धाच भाग गहाण पडला. शाळेत विमाने किती, त्यांतील उडण्याजोगी किती, प्रशिक्षक किती आणि विद्यार्थी किती, हे चार आकडे तेथे शिकणाऱ्या मुलांनाच विचारावेत. माहितीपत्रकात ते सापडत नाहीत.

परवाना हाती आला म्हणजे नोकरी आली, असेही नव्हे. परदेशचा परवाना आपल्या देशाच्या विमान वाहतूक खात्याकडून मान्य करून घ्यावा लागतो. दोन इंजिनांचे विमान, उपकरणांवरून उड्डाण, मोठ्या जेट विमानाचे खास शिक्षण, या प्रत्येकाचा वेळ व खर्च वेगळा. सहवैमानिकाची जागा निघेपर्यंत थांबावे लागते. 2020 साली कोविडमुळे जगभर विमाने जमिनीवर उभी राहिली तेव्हा हजारो तासांचे अनुभवी वैमानिकही घरी बसले. मोठ्या प्रवासी विमानाचा कप्तान होण्यास लागणारा वरचा परवाना 21 वर्षांच्या वयाआधी व 1500 तासांखाली मिळत नाही.

आमचा पुतण्या आज प्रशिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण होऊन तेथेच नव्या मुलांना शिकवतो आहे. पगार बेताचा, पण तास वाढत आहेत, आणि बँकेचा हप्ता तो स्वतः पाठवतो.

मुलींच्या आईबापांसही एक गोष्ट सांगावीशी वाटते. 1985 साली कप्तान सौदामिनी देशमुख यांनी कलकत्त्याहून सिल्चरला इंडियन एअरलाइन्सचे विमान नेले, तेव्हा त्यातील सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या. ठिपक्यांतील आकडे आणि दोनशे तास मुलींना व मुलांना सारखेच आहेत.

आमच्या आईचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पैसे परत येत आहेत, सावकाश. जमिनीच्या त्या अर्ध्या भागावर यंदाही ऊस उभा आहे, कागद मात्र बँकेत आहेत. म्हणून पालकांना आमची एवढीच विनंती : मुलाचे स्वप्न हसण्यावारी नेऊ नका, आणि जमिनीचे कागदही घाईने बाहेर काढू नका. आधी डॉक्टरचा दाखला घ्या, शाळा डोळ्यांनी पाहून या, आणि जेवढे तास लॉगबुकात चढतील तेवढेच पैसे हातावर ठेवा. आई दर रविवारी फोनवर नातवाला एकच विचारते, "उतरलास ना नीट?" तो म्हणतो, "हो आजी, आजही सात वेळा."