एक यंत्र, अनेक सर्व्हर : पोर्ट क्रमांकांच्या योजनेविषयी

भाषाशास्त्राच्या पत्रिकेत पोर्ट क्रमांकांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु शब्दसंग्रह, बोलींचे नमुने आणि खुणा घालून सिद्ध केलेल्या संहिता आता कपाटात नसून सर्व्हरवर असतात. आणि विभागाच्या वाट्याला बहुधा एकच यंत्र येत असल्यामुळे चार संशोधकांचे चार प्रोग्राम त्या एकाच यंत्रावर नांदवावे लागतात. हा संसार ज्या कारणाने वारंवार मोडतो ते मुळात क्षुल्लक असते : दोन प्रोग्रामांनी एकच पोर्ट क्रमांक मागितलेला असतो. मात्र त्याचे परिणाम नेहमीच क्षुल्लक असतात असे नाही. एकाने आपला सर्व्हर थांबविण्याची आज्ञा द्यावी आणि भलत्याचाच सर्व्हर, त्यावर कित्येक तास चाललेल्या शोधासह, बंद पडावा, असा प्रकार घडू शकतो आणि घडतो. तो कसा घडतो हे पुढे येईलच.

प्रथम संज्ञेविषयी. लॅटिनमध्ये ‘पोर्टुस’ म्हणजे बंदर आणि ‘पोर्टा’ म्हणजे दरवाजा. संगणकातील पोर्ट हा दुसऱ्या कुळातला आहे. तेव्हा मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर तो ‘द्वार’ असावा, ‘बंदर’ नव्हे. व्यवहारात मात्र सर्वजण ‘पोर्ट’ असेच म्हणतात, आणि या लेखातही तोच शब्द योजिला आहे.

जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो. त्या पत्त्यावर आलेला निरोप यंत्रातील कोणत्या प्रोग्रामाच्या हाती द्यावयाचा, हे पोर्ट क्रमांकावरून ठरते. हा क्रमांक 16 बिटांचा असल्याने तो 0 ते 65535 या मर्यादेत राहतो. त्याचे तीन विभाग मानलेले आहेत : 0 ते 1023 हे सर्वमान्य सेवांचे, 1024 ते 49151 हे नोंदणीचे, आणि 49152 ते 65535 हे तात्पुरत्या वापराचे. आरंभीच्या काळात या क्रमांकांची यादी जॉन पोस्टेल यांनी सांभाळली. आज ते काम ‘आयाना’ या संस्थेकडे आहे.

क्रमांक आणि सेवा यांचा संबंध स्वाभाविक नाही, तो केवळ संकेताचा आहे. तातू युलोनेन यांनी 1995 मध्ये एसएसएच हा प्रोग्राम रचला, तेव्हा तो ज्यांची जागा घेणार होता त्यांपैकी एफटीपीचा क्रमांक 21 आणि टेलनेटचा 23 होता, आणि मधला 22 मोकळा होता. म्हणून त्यांनी तो मागितला व त्यांना तो मिळाला. सस्यूरच्या वाचकांस चिन्हाच्या यादृच्छिकतेचे याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल. 8080 या क्रमांकाचे मूळही असेच पाहण्याजोगे आहे. वेब सर्व्हरचा रूढ क्रमांक 80. पण युनिक्स प्रणालीत 1024 च्या खालचे पोर्ट उघडण्यास विशेषाधिकार लागत असल्यामुळे सामान्य वापरकर्त्याने 8080 ची वाट धरली. आज असंख्य ॲप्लिकेशन सर्व्हर आपल्या मूळ मांडणीत हाच क्रमांक घेऊन येतात, आणि कलहाचे बीज येथेच आहे.

संघर्ष नेमका कशाचा होतो हे नीट पाहिले पाहिजे, कारण याविषयी विद्यार्थ्यांत बराच गोंधळ असतो. संघर्ष नुसत्या क्रमांकाचा नसतो. पत्ता, नियमावली (म्हणजे टीसीपी किंवा यूडीपी) आणि क्रमांक या त्रयीचा असतो. टीसीपीचा 5353 आणि यूडीपीचा 5353 एकमेकांच्या आड येत नाहीत. यंत्राला दोन पत्ते असतील तर प्रत्येकावर एकेक 8080 सुखाने नांदतो. मात्र एखाद्या प्रोग्रामाने 0.0.0.0 असा पत्ता लिहून ‘यंत्राचे सर्व पत्ते माझे’ असे म्हटले असेल, तर तो क्रमांक सर्वत्र अडतो. मराठीत ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सरकारला द्यावयाचा पैसा आणि ‘कर’ हे आज्ञार्थी क्रियापद. तरी आपले अडत नाही, कारण संदर्भ अर्थ ठरवितो. पोर्टच्या पातळीवर यंत्राला या त्रयीपलीकडचा संदर्भच नसतो. म्हणून तेथे समरूप शब्द चालत नाहीत; दुसऱ्या मागणीदाराला ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ या चार शब्दांनी परत धाडले जाते.

आता एक उदाहरण घेऊ. एक्झिस्ट-डीबी हा एक्सएमएल संहितांचा संग्रह सांभाळणारा प्रोग्राम मूळ मांडणीत 8080 घेतो. लायडन येथील डच भाषासंस्थेत घडलेला ब्लॅकलॅब हा संहिताशोधाचा प्रोग्राम टॉमकॅट या सर्व्हरवर चालतो, आणि टॉमकॅटही 8080 च घेतो. दोन्ही एका यंत्रावर बसविले आणि एक्झिस्ट आधी सुरू झाला, तर टॉमकॅटला ते द्वार मिळत नाही. गंमत अशी की तो त्यामुळे बंद पडत नाही. नोंदीत त्रुटी लिहून तो जिवंत राहतो. पाहणाऱ्यास प्रक्रिया चालू दिसते. पण 8080 वर विचारणा केली की ‘पान सापडले नाही’ असे उत्तर येते, आणि ते उत्तर असते एक्झिस्टचे. संशोधक मग ब्लॅकलॅबची मांडणी तपासत बसतो. दोष तेथे नसतोच.

याहून घातक प्रकार दोन टॉमकॅटांचा. टॉमकॅटच्या ‘सर्व्हर.एक्सएमएल’ या फाइलमध्ये 8080 शिवाय 8005 हा आणखी एक क्रमांक असतो. या द्वाराशी यंत्राच्या आतूनच ‘शटडाउन’ हा शब्द उच्चारला की सर्व्हर थांबतो. नवशिक्या मनुष्य दुसरा टॉमकॅट बसविताना 8080 च्या जागी 8081 लिहितो आणि 8005 तसाच ठेवतो. दुसरा टॉमकॅट सुरू होतो, 8005 मिळत नाही असे पाहतो आणि लगेच मिटतो. ‘काहीतरी अर्धवट राहिले असेल’ असे समजून तो मनुष्य दुसऱ्याची थांबविण्याची आज्ञा देतो. प्रक्रियेचा क्रमांक फाइलमध्ये जपण्याची व्यवस्था केलेली नसेल तर ती आज्ञा केवळ 8005 वर तो शब्द पाठविते. आणि तेथे ऐकत असतो पहिला टॉमकॅट. तो आज्ञाधारकपणे बंद होतो. शब्द बरोबर, उच्चार बरोबर, श्रोता मात्र दुसराच! 8005 च्या जागी -1 लिहिले की हे द्वारच बंद होते. सामायिक यंत्रावर तेच इष्ट, असे माझे मत आहे. 8009 हा एजेपीचा क्रमांकही पूर्वी आपोआप उघडत असे. 2020 मध्ये ‘घोस्टकॅट’ नावाचा सुरक्षादोष उघड झाल्यावर तो मूळ मांडणीतून वगळण्यात आला. जुन्या फाइली उतरवून घेणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा.

यावरून दिसेल की एकेक क्रमांक सुचेल तसा बदलणे हा उपाय नव्हे. सर्व्हरचे सर्व पोर्ट एका कुटुंबाप्रमाणे एकदम हलवावेत. वाइल्डफ्लाय या सर्व्हरमध्ये यासाठी ‘पोर्ट-ऑफसेट’ अशी सोय आहे : तेथे 100 लिहिले की 8080 चा 8180, 8443 चा 8543 आणि व्यवस्थापनाच्या 9990 चा 10090 होतो. टॉमकॅटच्या अलीकडील आवृत्त्यांतही असा गुण आहे, परंतु तो प्रत्येक घटकावर वेगळा लिहावा लागतो. एखादा विसरला की वर सांगितलेला प्रसंग पुन्हा उभा राहतो. प्रत्येक प्रकल्पाला शंभराचा एक टप्पा द्यावा, हे उत्तम.

टप्पे वाटताना ‘मोठा क्रमांक म्हणजे बेवारस क्रमांक’ ही समजूत सोडावी. यंत्र स्वतः बाहेर जोडणी करते तेव्हा तेही एक तात्पुरता पोर्ट घेते. लिनक्समध्ये हे पोर्ट सामान्यतः 32768 ते 60999 यांतून निघतात, म्हणजे आयानाच्या विभागणीशी ते जुळत नाहीत. सर्व्हरला 45000 दिला तर महिनोन्‌महिने काही बिघडत नाही. मग एके दिवशी यंत्र पुन्हा सुरू होताना कोण्या क्षणिक जोडणीने नेमका तोच क्रमांक घेतलेला असतो, आणि पाच मिनिटांनी पाहावे तर सर्व काही ठीक. असा दोष शोधणे फार जिकिरीचे. यास्तव 32768 च्या खालीच राहावे, अथवा तो क्रमांक राखीव असल्याचे प्रणालीला सांगून ठेवावे.

तिसरा मार्ग मला सर्वांत समाधानकारक वाटतो. एचटीटीपीच्या 1.1 या आवृत्तीपासून प्रत्येक विचारणेत यजमानाचे नाव लिहिणे आवश्यक झाले. त्यामुळे 443 वर एन्जिनएक्ससारखा एकच द्वारपाल बसवून, ‘कोश’ या नावाने आलेली विचारणा 8180 कडे आणि ‘बोली’ या नावाने आलेली 8280 कडे अशी वाटणी करता येते. संदर्भाने अर्थ ठरविण्याची जी सोय पोर्टच्या पातळीवर नव्हती, ती येथे वरच्या पातळीवर मिळते. आतले सर्व्हर 127.0.0.1 या आतल्याच पत्त्यावर ऐकत ठेवावेत, म्हणजे बाहेरच्याला ते क्रमांक दिसतही नाहीत. उद्या ते बदलले तरी प्रबंधांत छापलेले दुवे मोडत नाहीत. डॉकरमध्ये प्रत्येक कप्प्याला स्वतःचे जाळे असल्याने आत सर्वांनी 8080 घेतला तरी चालते. परंतु यंत्रावर जो क्रमांक उघडावयाचा तो तेथेही एकच असतो.

पोर्ट कोणी अडविला आहे हे लिनक्सवर ‘एसएस’ आणि विंडोजवर ‘नेटस्टॅट’ या आज्ञेने कळते. ती आधी द्यावी, मगच कोणतीही प्रक्रिया मारावी. कारण ती प्रक्रिया दुसऱ्या कोणाचे चालू काम असू शकते. विभागात याची एक साधी नोंदवहीही असावी : क्रमांक, पत्ता, प्रोग्राम, जबाबदार व्यक्ती आणि काम संपण्याची अपेक्षित तारीख. शेवटचा रकाना बहुधा कोणी भरत नाही, आणि पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यांचे सर्व्हर पुढे वर्षानुवर्षे द्वार अडवून बसतात.