मैदानावरचा प्राध्यापक

खेळ शिकवणाऱ्याला प्राध्यापक म्हणावे काय? शिकागो विद्यापीठाने १८९२ मध्ये या प्रश्नाला सरळ होकार दिला. विद्यापीठ नवे कोरे होते. अध्यक्ष विल्यम हार्पर यांनी येलमधल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, एमॉस अलोन्झो स्टॅगला, सहयोगी प्राध्यापकाचे पद आणि वर्षाला २५०० डॉलर पगार देऊन बोलावले.

जोडे शिवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा येलला गेला तो धर्मोपदेशक होण्यासाठी. पण व्यासपीठावर आपली जीभ चालत नाही असे वाटून तो स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण विद्यालयात आला. तिथे त्याचा सहकारी जेम्स नायस्मिथ याने १८९१ च्या डिसेंबरात पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल जन्माला घातला. ११ मार्च १८९२ च्या पहिल्या जाहीर सामन्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ असे हरवले. शिक्षकांचा तो एकुलता एक गोल स्टॅगचा! पुढे जानेवारी १८९६ मध्ये शिकागो आणि आयोवा यांच्यात पाच-पाच खेळाडूंचा सामना झाला. आज रूढ असलेली संघसंख्या महाविद्यालयीन खेळात आली ती तेव्हापासून. मात्र बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक म्हणून स्टॅगच्या नावावर १९२०-२१ चा एकच हंगाम आहे.

त्याचे खरे राज्य फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याच्या अमेरिकन फुटबॉलचे. पहिल्या वर्षी खेळाडू पुरेनात, तेव्हा प्राध्यापकमहाशय स्वतःच मैदानात उतरले. १९०५ मध्ये शिकागोने मिशिगनला २-० असे नमवले आणि ५६ सामन्यांची त्यांची अपराजित मालिका तोडली. परंतु तिकिटांचा पैसा वाढला, तसा स्टॅगचा विभाग विद्यापीठातले एक छोटे संस्थानच बनला. हार्पर यांच्या होकारातला हा पेच मला महत्त्वाचा वाटतो. प्राध्यापकपद दिल्याने खेळ शिक्षणात आला, आणि त्याच दाराने धंदाही आत शिरला.

अध्यक्ष हचिन्स यांच्या काळात, वयाच्या सत्तराव्या वर्षी, नियमावर बोट ठेवून स्टॅगला निवृत्त केले गेले. दुसरे शोभेचे काम त्याने नाकारले, कॅलिफोर्नियातले पॅसिफिक कॉलेज गाठले आणि १९४३ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, वर्षातील सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा मान मिळवला. तोवर शिकागोने फुटबॉल बंदही केला होता. ओस पडलेल्या स्टॅग मैदानाच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांनी पहिली नियंत्रित अणुशृंखला-प्रक्रिया घडवली.