लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवताना

उबुंटू टाकलेल्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड असलं, की विंडोजची सवय असलेला माणूस थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घेतो. ते करू नका. निम्मी डोकेदुखी तिथेच टळते.

इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, त्यामुळे त्यांच्याबाबत सहसा काहीच करावं लागत नाही. एनव्हिडियासाठी कर्नलमध्ये ‘नूवो’ असतो. कंपनीची माहिती हाताशी नसताना, कार्ड कसं वागतं ते तपासत लोकांनी तो लिहिला. केवढं चिकाटीचं काम! पडद्यावर चित्र तो आणतो, पण जड गेम किंवा कार्डावर आकडेमोड चालवणारं ‘कूडा’ हवं असेल तर कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. त्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये बसणारा भाग, मात्र ज्या कर्नलसाठी बांधलं, त्याच कर्नलवर चालतं. संकेतस्थळावरची फाइल हाताने बसवली, की कर्नलच्या पुढच्या अपडेटनंतर अनेकदा लॉगिनऐवजी काळा पडदा दिसतो. मे 2022 मध्ये एनव्हिडियाने मॉड्यूलचा सोर्स खुला केला, तरी ही अट सुटली नाही.

म्हणून उबुंटूतलं ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा आणि ‘टेस्टेड’ लिहिलेला पर्याय निवडा. मग कर्नल बदलला, की जुळणारं मॉड्यूल आणण्याची किंवा बांधण्याची जबाबदारी उबुंटूची.

सर्वांत जास्त लोक अडतात ते सिक्युअर बूटपाशी. ते चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. मॉड्यूल तुमच्याच मशीनवर बांधलं गेलं, तर त्यावर सही करणारी किल्ली मशीनला ओळखीची करून द्यावी लागते. त्यासाठी इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो आणि जेमतेम 10 सेकंद थांबतो. घाबरून तो जाऊ देऊ नका. कोणतीही कळ दाबा, ‘एन्‍रोल मॉक’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’ निवडा, तोच पासवर्ड द्या आणि रीबूट करा. पडदा निसटलाच, तर ‘मॉकयुटिल’ने ती किल्ली पुन्हा नोंदवायला टाकता येते, पुढच्या बूटला तो परत दिसेल.

नंतर टर्मिनलमध्ये ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवा. कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरची आवृत्ती दिसली, तर काम झालं. काळा पडदाच आला, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबा. बहुतेक वेळा मजकुराचं लॉगिन मिळतं. तिथून एनव्हिडियाची पॅकेजेस काढून रीबूट केलं, की नूवो परत येतो.