डोक्यातली लेझीम

अमेरिकेतल्या रेडमंडच्या मराठी मुलांना सिएटलला जायचं असलं, की वाटेत मोठं सरोवर लागतं. त्यावरचा पूल चक्क पाण्यावर तरंगतो, तोही दोन किलोमीटरहून लांब! पण पलीकडच्या वॉशिंग्टन विद्यापीठात घडलेली गोष्ट मला त्या पुलाहूनही भारी वाटते.

१२ ऑगस्ट २०१३. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ राजेश राव डोक्यावर वीज टिपणाऱ्या इलेक्ट्रोडची टोपी घालून व्हिडिओ गेमसमोर बसले होते. तोफ डागायची वेळ झाली, तसं त्यांनी उजवा हात हलवल्याचं नुसतं मनात आणलं. हात जागचा हलला नाही हं! आवाराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे सहकारी आंद्रेआ स्टोक्को बसले होते, डोक्याशी चुंबकीय वेटोळं लावून. इंटरनेटवरून निरोप पोचला, वेटोळ्याने मेंदूला टिचकी दिली आणि स्टोक्कोंचं बोट आपोआप कीबोर्डवरच्या तोफ डागायच्या बटणावर पडलं.

रावांच्या मनातलं टोपीला कळलं कसं?

मेंदूच्या वरच्या थरात अब्जावधी पेशी झाडांसारख्या शेजारी शेजारी उभ्या असतात. त्या एकमेकींना निरोप देतात तेव्हा इवलीशी वीज वाहते. एकट्या पेशीची वीज कवटीबाहेर कळतच नाही. शाळेतली लेझीम आठवा. एकटीने वाजवली तर मैदानापलीकडे ऐकू येत नाही. शंभर जणींनी हवी तशी वाजवली तर नुसता खळखळाट. पण सगळ्यांनी एक ठेका धरला, की छन्‌! रस्त्यावरचा माणूसही थांबतो. पेशींचंही तसंच. त्यांना ठेका धरायला मेंदूच्या आत खोलवर असलेला थॅलॅमस नावाचा भाग मदत करतो. तरीही डोक्यावर पोचणारी ही वीज घड्याळातल्या सेलपेक्षा हजारो पटींनी क्षीण असते.

आता खरी गंमत. हात स्वस्थ असतो, तेव्हा हाताचं काम बघणाऱ्या पेशी सेकंदाला साधारण दहा ठेके धरतात. हात हलवायचं नुसतं मनात आलं, तरी त्या रांग मोडून आपापल्या कामाला लागतात आणि ठेका ओसरतो. रावांचा संगणक टपून बसला होता तो या ओसरण्यावर!

माणसाच्या डोक्यावरून असे ठेके पहिल्यांदा टिपले जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. त्यांनी ते १९२९ मध्ये छापले, तेव्हा बऱ्याच जणांचा विश्वासच बसेना. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज या शास्त्रज्ञांनी तोच प्रयोग पुन्हा करून दाखवला, मग लोकांना पटलं.

आता डोळे मिटून शांत बसा बरं. तुमच्या डोक्यात मागच्या बाजूला, बघण्याचं काम करणाऱ्या पेशींचा ठेका जोर धरेल. डोळे उघडलेत की तो ओसरेल.