पंधरा टक्क्यांचे दान

ज्युलियस रोझेनवॉल्ड फंडाने १९३२ साली शाळा बांधण्याचे काम थांबवले. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या १५ राज्यांत आणि ८८३ काउंट्यांत तोवर ५,३५७ इमारती उभ्या राहिल्या होत्या : ४,९७७ शाळा, २१७ शिक्षकनिवास आणि १६३ कार्यशाळा. सगळ्या कृष्णवर्णीय मुलांसाठी. खर्च झाला सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. या रकमेची फोड मात्र चक्रावून टाकणारी आहे. फंडाचा वाटा होता जेमतेम १५ टक्के. जवळजवळ ६४ टक्के सरकारी तिजोरीतून आले, चारेक टक्के गोऱ्या शेजाऱ्यांनी दिले. उरलेले १७ टक्क्यांच्या आसपास पैसे दिले ते कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी, ज्यांच्यातले कितीतरी जण दुसऱ्याच्या रानात वाट्याने कापूस पिकवत होते. या शाळांना आजही ‘रोझेनवॉल्ड शाळा’ म्हणतात. पण ज्यांच्या लेकरांसाठी त्या बांधल्या, त्यांनी रोझेनवॉल्डपेक्षा जास्त पैसे घातले होते.

ज्युलियस रोझेनवॉल्ड (१८६२–१९३२) हे जर्मनीतून आलेल्या ज्यू कापडव्यापाऱ्याचे चिरंजीव. टपालाने घरपोच माल विकणाऱ्या शिकागोच्या ‘सिअर्स, रोबक’ कंपनीने त्यांना गडगंज केले. गुलामगिरीत जन्मून अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख झालेले बुकर टी. वॉशिंग्टन त्यांना १९११ मध्ये भेटले. पुढच्याच वर्षी रोझेनवॉल्ड टस्कीगीचे विश्वस्त झाले आणि पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांनी २५,००० डॉलर दिले. त्यातून काही रक्कम शिल्लक राहिली. ती खेड्यांतल्या सहा छोट्या शाळांवर खर्च करावी, असे वॉशिंग्टन यांनी सुचवले. आपल्या कंपनीचेच तयार बांधकामसाहित्य पाठवण्याची कल्पना रोझेनवॉल्ड यांच्या मनात होती. वॉशिंग्टन यांना ती पटली नाही. लाकूड गावातले, हात गावातले, मग शाळाही गावाची, असे त्यांचे गणित होते.

पहिली शाळा १९१३ साली टस्कीगीजवळच्या लोचापोका गावी झाली. खर्च सुमारे ९४२ डॉलर, त्यात रोझेनवॉल्डचे ३००. कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी १५० डॉलर जमवले आणि १३२ डॉलरहून जास्त किमतीचे श्रमदान केले. उरलेले ३६० डॉलर गावातल्या गोऱ्यांनी दिले. पुढच्या वीस वर्षांचा नमुना इथेच पडला. अनुदान मिळायचे ते अटींसह. दोन एकर जागा हवी आणि ती सरकारी शाळा-मंडळाच्या नावावर करून द्यायची. लोकवर्गणी आधी जमली पाहिजे. मंडळानेही आपला वाटा उचलायचा, शिक्षकांचा पगार द्यायचा आणि वर्षातून किमान पाच महिने शाळा चालवायची. फंडाला स्वतःच्या मालकीची एकही शाळा नको होती.

लोकवर्गणी कशी जमत असे? कुणी शेताचा एक तुकडा शाळेच्या नावाने राखून त्यातला कापूस विकी, कुणी कोंबड्या विकी, चर्चमध्ये जेवणावळी होत. अलाबामातल्या बोलिजी गावची हकिकत टस्कीगीच्या प्रतिनिधीने लिहून ठेवली आहे. बोंडकिडीने पीक बुडाले होते, तरी सभा भरली होती. गुलामगिरी डोळ्यांनी पाहिलेला एक म्हातारा उठला. त्याने खिशातून एक मळकट, तेलकट पिशवी काढून टेबलावर रिकामी केली. नाणीच नाणी. मोजली तेव्हा ३८ डॉलर भरले, त्याची आयुष्यभराची पुंजी. नातवंडांच्या लेकरांना तरी संधी मिळावी, एवढेच त्याचे म्हणणे होते.

या इमारती दिसायला साध्या असल्या तरी त्यांच्यामागे बारीक विचार होता. सुरुवातीचे नकाशे टस्कीगीत तयार झाले. तिथले वास्तुविशारद रॉबर्ट टेलर हे ‘एमआयटी’तून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय. १९२० नंतर नॅशविलमधल्या कार्यालयातून सॅम्युएल स्मिथ यांनी ते सुधारून छापले. गावात वीज नव्हती, तेव्हा उजेड ही पहिली गरज. म्हणून इमारत अशी बसवायची की पूर्व-पश्चिमेचे ऊन आत येईल. उंच खिडक्यांची रांग लावायची आणि बाके अशी मांडायची की उजेड मुलांच्या डावीकडून पडेल. उजव्या हाताने लिहिताना वहीवर सावली नको. दोन वर्गांमधली फळ्यांची भिंत सरकवली की गावाच्या सभेला दालन तयार. हे नकाशे इतके सोयीचे होते की गोऱ्यांच्या शाळांसाठीही ते वापरले गेले.

आता त्या १७ टक्क्यांकडे वळू. ही माणसे कर भरत नव्हती, असे मुळीच नाही. राज्य सरकार शाळांचा पैसा काउंटीतल्या एकूण मुलांच्या संख्येवर वाटे, त्यात कृष्णवर्णीय मुलेही मोजली जात. पैसा काउंटीत पोहोचला की गोऱ्यांचे मंडळ त्यातला मोठा हिस्सा गोऱ्या शाळांकडे वळवी. म्हणजे जिथे कृष्णवर्णीय मुले जास्त, तिथे गोऱ्यांच्या शाळा जास्त श्रीमंत! तक्रार करावी तर मत नाही. अलाबामाच्या १९०१च्या राज्यघटनेने मतकर आणि साक्षरतेच्या अटी घालून त्यांचा मताधिकार जवळजवळ संपवला होता. इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी १९८८च्या आपल्या ग्रंथात याला दुहेरी कर म्हटले आहे : एकदा सरकारला दिला, तो दुसऱ्यांच्या मुलांवर खर्च झाला, मग आपल्या मुलांसाठी पुन्हा वर्गणी.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मांडले होते : महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी १८७३ मध्ये गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांनाच अर्पण केले होते. मुक्त झालेल्यांची मुले शाळेबाहेर कशी ठेवली गेली, हा त्या कहाणीचा पुढचा भाग.

फंडावर टीका होते ती इथेच. त्याने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळांची चौकट मोडली नाही, उलट तिच्यातच चांगल्या इमारती बांधल्या. गोऱ्या मंडळांशी गोडीगुलाबीने काम केले. गरिबांकडून दुसऱ्यांदा पैसे घेणे ही तर अनुदानाची अटच होती. टीका खरी आहे. पण तीच अट मंडळांनाही लागू होती. ज्यांनी या मुलांसाठी कधी खिळाही ठोकला नव्हता, त्यांना जागा ताब्यात घ्यावी लागली, पगार द्यावा लागला. १५ टक्क्यांनी ६४ टक्के हलवले. १९२८ पर्यंत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या दर पाच ग्रामीण शाळांतली एक रोझेनवॉल्ड शाळा होती. डॅनियल ॲरनसन आणि भाश्कर मजुमदार या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ग्रामीण दक्षिणेतल्या शाळकरी वयाच्या सुमारे ३६ टक्के कृष्णवर्णीय मुलांची सोय या शाळांत होऊ शकत होती. हजेरी, साक्षरता आणि शिक्षणाची वर्षे या सगळ्यांत ठळक वाढ दिसली. लेखिका माया अँजेलो आणि नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुईस अशाच शाळांत शिकले.

चौकट मोडण्याचे काम फंडाच्या दुसऱ्या खात्यातून झाले. १९२८ पासून त्याने कृष्णवर्णीय लेखक, कलावंत, संशोधक यांना शिष्यवृत्त्या दिल्या. लँग्स्टन ह्यूज, राल्फ एलिसन, जेकब लॉरेन्स ही त्यांतली काही नावे. मानसशास्त्रज्ञ केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्यालाही ही मदत मिळाली. त्यांच्या प्रयोगात लहान मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवत आणि यातली चांगली कोणती, असे विचारत. बरीच कृष्णवर्णीय मुले गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवत. वेगळ्या शाळा मुलांच्या मनावर काय कोरतात, हे दाखवणारा तो पुरावा ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ खटल्यात मांडला गेला, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्या निकालाने रोझेनवॉल्ड शाळांचे कामही संपवले. पुढच्या दोन दशकांत त्या एकेक करून बंद झाल्या आणि एकत्रीकरणाच्या नावाखाली हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या.

निकाल पाहायला फंड उरला नव्हता. कायमस्वरूपी ठेवींवर चालणाऱ्या संस्था कालांतराने निर्जीव होतात, असे रोझेनवॉल्ड यांचे मत होते. आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत मुद्दलासकट सगळे संपवा, अशी त्यांची अट होती. विश्वस्तांनी १९४८ मध्येच, म्हणजे नऊ वर्षे आधी, खाते बंद केले.

शिक्षणातल्या समतेसाठी पैसे देणाऱ्या संस्था आज जगभर आहेत, आपल्याकडेही कंपन्यांच्या सामाजिक निधीतून वर्ग रंगतात, संगणक येतात. रोझेनवॉल्डचा हिशेब त्यांना दोन प्रश्न विचारतो. तुमच्या रुपयामुळे सरकारचे किती रुपये हलले? आणि गावकऱ्यांनी दिलेली वर्गणी त्यांच्या उत्साहाची खूण आहे, की त्यांच्याच कराचा पैसा दुसरीकडे गेल्याची? पहिल्या प्रश्नावर रोझेनवॉल्ड फंड चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. दुसरा त्याने बराच काळ पेपरात कोराच सोडला. त्याचे उत्तर शेवटी न्यायालयात लिहावे लागले.