जुनी भिंगं, नवा संसार

सोव्हिएत बनावटीचा झेनिट कॅमेरा एके काळी आपल्याकडे हौशी छायाचित्रकारांच्या गळ्यात सर्रास दिसायचा. अंगाने दणकट, खिशाला परवडणारा. डिजिटलच्या लाटेत तो माळ्यावर गेला. त्याच्यासोबत आलेलं ‘हेलिऑस-४४’ हे ५८ मिलिमीटरचं भिंग मात्र पुन्हा खाली उतरलं आहे आणि जगभरचे हौशी लोक आज ते शोधून विकत घेत आहेत.

जुन्या भिंगांचे हे दिवस पालटले ते नव्या तंत्रामुळे. एसएलआर कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो. तो वर उचलला जायला जागा हवी, म्हणून भिंग फिल्मपासून लांब बसवावं लागतं. निकॉनने १९५९ मध्ये आणलेल्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. झेनिट, पेंटॅक्स, प्रॅक्टिका अशा अनेकांनी वापरलेल्या आट्यांच्या एम-४२ माउंटमध्ये ते साधारण साडेपंचेचाळीस भरतं. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी-१ आला आणि आरशाची गरज संपली. सोनीच्या ई माउंटमध्ये अंतर उरलं १८ मिलिमीटर, निकॉनच्या झेडमध्ये १६. मधल्या मोकळ्या जागेत धातूची पोकळ नळी बसवली की जुनं भिंग नव्या कॅमेऱ्यावर चालू! हाच तो अडॅप्टर. साध्या अडॅप्टरमध्ये ना काच असते, ना वायर. २०१३ मध्ये फुल-फ्रेम सेन्सरचा सोनी ए-७ आला आणि ३५ मिलिमीटर फिल्मसाठी घडवलेल्या भिंगांना त्यांची पूर्ण चौकट परत मिळाली. फोकस हातानेच करायचा, पण स्पष्ट झालेल्या कडा पडद्यावर रंगीत दिसतात, हवा तो भाग मोठा करून पाहता येतो. नजर अधू झालेल्यांनाही हे जमतं.

एवढा खटाटोप कशासाठी? आजची भिंगं दोष काढून काढून इतकी निर्मळ झाली आहेत की त्यांची चित्रं एकमेकांपासून वेगळी ओळखणं कठीण. जुन्यांचे स्वभाव मात्र शाबूत आहेत. हेलिऑस ही झाइसच्या ‘बायोटार’ची सोव्हिएत आवृत्ती. छिद्र एफ/२ वर पूर्ण उघडं ठेवून झाडापुढे माणूस उभा करा. पानांतून झिरपणारे उन्हाचे ठिपके मध्यभागी गोल दिसतात, कडेला जाताना बदामी होतात आणि सगळी पार्श्वभूमी माणसाभोवती गरगरल्यासारखी वाटते. छिद्र एफ/५.६ पर्यंत लहान केलं की ही गरगर जवळजवळ नाहीशी होते. पेंटॅक्सच्या काही ‘टाकुमार’ भिंगांत थोरियमयुक्त काच आहे. वर्षानुवर्षांनी ती पिवळी पडते आणि काही दिवस उन्हात ठेवली की बरीचशी निवळते. नेहमीच्या वापरात भीती नाही. ती काच फोडण्या-घासण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. परक्या कॅमेऱ्यावर भिंग लावण्याची हौसही नवी नाही: निकॉनच्या भिंगांचा बोलबाला झाला तो १९५० मध्ये, छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी ती आपल्या लायकाला लावून कोरियन युद्ध टिपलं तेव्हा.

जुन्या भिंगावर कोरलेली अंतराची पट्टी हेही एक सुख. २८ मिलिमीटरचं भिंग, छिद्र एफ/११, अंतर अडीच मीटर: एवढं लावून ठेवलं की फुल-फ्रेमवर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सारं पुरेसं स्पष्ट येतं. वारीच्या गर्दीत किंवा ढोलपथकासमोर फोकस जुळवत बसायला वेळ कुणाला असतो? तिथे कॅमेरा उचलायचा आणि बटण दाबायचं.

ज्यांचं भिंग सुटं होत नाही, त्या कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी. जे.जे. कलाशाळेत शिकलेल्या छायाचित्र-पत्रकार होमाई व्यारावाला ज्या जातीचा कॅमेरा वापरत तो रोलायफ्लेक्स, किंवा घरोघरचा आग्फा क्लिक-थ्री, यांना फिल्मच लागते. १२० चा रोल आजही निघतो. त्यावर चौरस १२ फोटो येतात. मोजके फोटो असले की माणूस बटण दाबण्याआधी नीट पाहतो. रोल आणि धुलाईचा खर्च मात्र दर फोटोमागे आठवण करून देत राहतो.

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा चोर बाजारात खरेदीला गेलात तर खिशात टॉर्च ठेवा. भिंगाच्या मागून उजेड टाकला की आतली बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी उमटते. छिद्राच्या पात्यांवर तेल आलंय का, फोकसची कडी वंगण सुकून जड झालीय का, तेही पाहा. मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत बुरशी हाच खरा शत्रू. सुरुवातीलाच साफ केली तर निघते, पण काचेवरचा लेप खाल्ला की डाग कायमचा. चामड्याच्या केसमध्ये ओल धरते. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल बरं. आणखी एक पथ्य: १९७७ पूर्वीची, बदल न केलेली निकॉर भिंगं निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरवर जबरदस्तीने बसवू नयेत, कॅमेऱ्याची नाजूक कळ मोडू शकते.

क्रिकेट, उडते पक्षी, लग्नातला अंतरपाट दूर होण्याचा क्षण यांसाठी ऑटोफोकसला तोड नाही. निवांत बसलेली आजी, उन्हातला वाडा, बाजारातली भाजी यांना मात्र जुनं भिंग छान मानवतं. नवशिक्याने आधी घरचा माळा धुंडाळावा, मग ५० मिलिमीटरचं एक भिंग आणि साधा अडॅप्टर यांवर सुरुवात करावी. हौसेला मोल नसतं म्हणतात. या हौसेत शिरायला तर ते फारसं मोजावंही लागत नाही.